पीएच.डी.ची जागा आणि पोशेऱ्याची आवणी

देवराम, तू गेलास आणि माझी पंचाईत करून गेलास. गेली दोन वर्षं मी तुझ्यावर चिडलेलो होतो. हे भांडण एकदा सवडीनं, तुझ्या ओट्यावर बसून, नीट मिटवायचं असं मनात होतं. घाई कसली म्हणून राहिलं. तुला तर जन्मात कधी घाई नव्हती. मोखाड्याच्या स्टँडवरून तुझ्या डोळ्यांदेखत किती एसट्या सुटल्या, त्याचा मी साक्षीदार आहे. मग याच बाबतीत एवढी लगबग का केलीस, ते सांग.

तुझ्या दहाव्याला आलो होतो. लोक जवळ येऊन हळहळत होते, आणि मी मान हलवत मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत होतो. तुझ्या प्राचार्यांनी दोन शब्द बोलताना तुला शांत, संयमी आणि मितभाषी म्हटलं. मला तिथंच उठून सांगावंसं वाटलं की या मितभाषी माणसानं एका शीर्षकावरून माझ्याशी नाशिकच्या टपरीवर तीन तास हुज्जत घातली आहे, आणि टपरीवाल्यानं शेवटी बाकडं उचलून आत नेलं तेव्हा उभ्यानं घातली आहे. पण मंजुळावहिनी समोर बसली होती. गप्प बसलो.

तसा मी तुझ्यापुढं जव्हारच्या वसतिगृहापासूनच गप्प बसत आलोय. तू पोशेऱ्याचा, मी साखरशेतचा, खोली एक, बादली एक. आपल्या दोघांनाही घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी. फरक एवढाच की मी वर्गातली भाषा अंगावर चढवली ती उतरवलीच नाही, आणि तू चिडलास की सरळ घरच्या बोलीवर यायचास. पुढं तू एम.कॉम. होऊन मोखाड्याला कनिष्ठ महाविद्यालयात मुलांना हिशेबशास्त्र शिकवायला लागलास. मी नाशिकला एका मॅनेजमेंट संस्थेत कारकून म्हणून लागलो आणि हळूहळू तिथल्या पीएच.डी. विभागाचा अधीक्षक झालो. गावाकडं मी स्वतःच पीएच.डी. आहे असा समज आहे. तो मी कधी मोडून काढला नाही, आणि तूही चारचौघांत कधी मोडला नाहीस. हा तुझा एक उपकार.

पीएच.डी.चं खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलं असं वहिनी म्हणते. खरं आहे. माझ्या टेबलावरून जाणारे अर्ज वाचून वाचून मला एक खात्री झाली होती की यातल्या निम्म्या लोकांना काहीही शोधायचं नाहीये. त्यांना नावापुढं दोन अक्षरं हवीत, कुणाला बढतीसाठी, कुणाला पत्रिकेवर छापायला. आणि इकडं तू, ज्याला जेवताना, आंघोळ करताना आणि मुलांचे पेपर तपासताना एकच प्रश्न पडलेला असायचा, तो मोखाड्यात बसून राहिला होता. म्हणून एका दिवाळीत तुला म्हणालो, तू का नाही करत पीएच.डी.? तू भाकरीचा तुकडा खाली ठेवलास. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता याची आणि माझी शांतता संपली.

तुझा प्रश्न साधा होता. आपल्याकडं आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताचं रोप काढून चिखलात लावायच्या त्या पंधरा-वीस दिवसांत, गावातलं प्रत्येक घर दुसऱ्याच्या शेतात एकेक माणूस पाठवतं. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं. पुस्तकात याला सावड म्हणतात, आपल्या पाड्यापाड्यावर नावं निराळी. कोणी मुकादम नाही, कोणी लिहून ठेवत नाही, पावसाचा भरवसा नाही, आणि तरीही एकाही घराचं रोप वाफ्यात म्हातारं होत नाही. हे कसं जमतं? कुणाचं शेत आधी, हे कोण ठरवतं? तू म्हणायचास की आमच्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात जे शिकवतात ते इथं कोणी न शिकवता चाललंय, तर निदान कसं चाललंय ते तरी बघू. मी म्हणालो, छान आहे, अर्ज कर. माझी अक्कल.

आमच्याकडची रीत मी तुला पहिल्याच दिवशी समजावून सांगितली होती. आधी लेखी परीक्षा, मग समितीपुढं मुलाखत, मग गुणवत्ता यादी. यादीत नाव लागलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. कारण जागा संस्थेकडं नसतात, मार्गदर्शकाकडं असतात. एका मार्गदर्शकाकडं ठरावीक विद्यार्थी; त्यातला एक प्रबंध देऊन बाहेर पडला की दुसऱ्याला आत घ्यायचं. आणि बाहेर पडायचं कोणी मनावर घेत नाही. आमच्याकडं एक गृहस्थ नोंदणी करून बसलेत, त्यांची मुलगी आता आमच्याच एम.बी.ए.ला आहे. तू हे सगळं वहीत लिहून घेतलंस आणि विचारलंस, "मंग जागा रिकामी कवा होते ते आधी कोनाला कळतं?" मी म्हणालो, मला. तू हसलास. मला ते हसणं आवडलं नव्हतं.

पहिल्या मुलाखतीत मी खोलीतच होतो, टिपणं घ्यायला. समितीत चौघं होते, समोर बिस्किटांची बशी, एसी इतका की खिडकीच्या काचेवर दव धरलेलं. तू कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला घालायचास तो निळा शर्ट घालून आला होतास. एका सरांनी विचारलं, तुमचा नमुना कुठल्या कंपनीचा आहे? तू म्हणालास, कंपनी नाही सर, गाव आहे. घरं किती? बेचाळीस. या बेचाळीस घरांचं मनुष्यबळ कोण बघतं? कोणी नाही. मग व्यवस्थापन कोण करतं? तू म्हणालास, "तेच शोधायचंय सर, माहीत असतं तर कशाला आलो असतो." दोघं हसले. ते कौतुकानं हसले का कसे, ते मला टिपणात लिहिता आलं नाही. तिसऱ्या सदस्य बाई होत्या, त्यांनी तुला फार गोड आवाजात समाजशास्त्र विभागाचा पत्ता सांगितला.

त्यानंतरची ती टपरी. मी तुझ्यासाठी स्वतः शीर्षक तयार करून, टाईप करून आणलं होतं: असंघटित क्षेत्रातील हंगामी मनुष्यबळ नियोजनाचा चिकित्सक अभ्यास. असलं शीर्षक समितीनं आजवर एकदाही परत पाठवलेलं नाही. तू ते दोनदा वाचलंस आणि म्हणालास, "यात आमचं गाव कुठं हाय?" मी म्हणालो, दुसऱ्या प्रकरणात आहे. तू म्हणालास, मग पहिल्या प्रकरणात कोण आहे? तीन तास, देवराम. एका टाईप केलेल्या ओळीसाठी. मी तुला म्हणालो होतो की आधी आत शिर, मग काय ते लिही. तू म्हणालास, आत शिरताना जे नाव सांगितलं तेच पुढं लिहावं लागतं. तुझं खरं होतं. माझंही खोटं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे तुला कधी पटलं नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या संस्थेची सहल जव्हारला आली. एम.बी.ए.च्या मुलांना संघभावना शिकवायची होती आणि मी "तिकडचा" म्हणून सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात. शिरपामाळावर सकाळी बस थांबली, एका बाहेरून बोलावलेल्या प्रशिक्षकानं मुलांना गोल उभं केलं, आणि एकेकानं डोळे मिटून मागं पडायचं, बाकीच्यांनी झेलायचं असा खेळ सुरू झाला. तुला मी मुद्दाम बोलावलं होतं, संचालक मॅडमशी ओळख व्हावी म्हणून. तू ओळख वगैरे बाजूला ठेवलीस आणि प्रशिक्षकाला जाऊन विचारलंस की हे झेलून झाल्यावर पुढं काय करायचं असतं. तो म्हणाला, फीडबॅक फॉर्म भरायचा असतो. तू अगदी मनापासून विचारलं होतंस, टोमणा नव्हता त्यात, हे मला माहीत आहे. मॅडमना कसं माहीत असणार? मी त्यांना डबे उघडायला घेऊन गेलो. परत आलो तर तू त्या फॉर्मची एक कोरी प्रत मागून घेऊन खिशात ठेवत होतास.

दुसऱ्या वर्षी तू शीर्षक बदललं नाहीस, पण प्रस्ताव असा लिहिलास की समाजशास्त्राचा पत्ता सांगणाऱ्या बाईंनीच तुला जास्त गुण दिले. गुणवत्ता यादीत तुझं नाव लागलं. मी यादीचा फोटो पाठवला, तू वहिनीला आणि भावाला, सोमनाथला दाखवलास, सोमनाथनं पाड्यावर पेढे वाटले. मी सांगत होतो की थांबा, यादी म्हणजे जागा नव्हे. त्या वर्षी एकाही मार्गदर्शकाकडं तुझ्या विषयाची जागा रिकामी नव्हती. पेढे खाऊन झालेल्या माणसांना हे समजावून सांगायला मी पोशेऱ्याला आलो, तेव्हा तुझ्या काकांनी मला विचारलं, नाव छापलंय, मग आत का नाही घेत?  हे मला आजही सांगता येत नाही, आणि मी त्याच विभागाचा अधीक्षक आहे.

तिसऱ्या वर्षी मात्र जमलं. सगळं जमलं, हेच तर सलतं. आमच्याकडच्या ज्येष्ठ सरांचा एक विद्यार्थी अखेर प्रबंध देऊन मोकळा झाला आणि एक जागा निघाली. सरांच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, पुढं ते नवीन विद्यार्थी घेणार नव्हते. त्यांनी तुझा प्रस्ताव दोन दिवस घरी नेला आणि मला म्हणाले, या माणसाच्या गावात आवणीच्या वेळी एकदा जायचंय मला, चिखलात उतरू देतील का? मी म्हणालो, उतरवतीलच. यादीत तू पहिला, एका कारखान्यातले व्यवस्थापक दुसरे. तुला फक्त कागदपत्र पडताळणीला येऊन सही करायची होती. एक सही.

ती सूचना दोन पानांची होती. मी तुला दोन्ही पानं पाठवली. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलास की एकच आलं. पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि आणायच्या कागदांची यादी. दुसऱ्या पानावर, उमेदवारानं स्वतः हजर राहणं बंधनकारक आहे. पोशेऱ्यात रेंज असते ती शाळेच्या मागच्या चढावर, तिथं जाऊन तू दुसरं पान उतरवून घेतलं नसशील, असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, तू पाठवलंच नसशील. माझा तो फोन नंतर पावसात गेला, तुझा सोमनाथच्या पोरानं फोडला. आता हा वाद कायमचा अर्धवट राहिला, आणि सांगून ठेवतो, मी दोन्ही पानं पाठवली होती.

पडताळणीच्या दिवशी सकाळी दहाला हॉलमध्ये सगळे उमेदवार बसले होते. मी दारातून डोकावून निळा शर्ट शोधत होतो. तुझं नाव पुकारलं आणि शेवटच्या रांगेतून "हां" म्हणत उठला तो सोमनाथ. तुझा धाकटा भाऊ, दोन मुलांचा बाप, पायात फाटक्या चपला आणि पायाच्या बोटांना हळद लावलेली. काखेत तुझी फाईल, खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, पावसाचा थेंब आत नाही. गुणपत्रकं, महाविद्यालयाचं ना हरकत पत्र, जात वैधता प्रमाणपत्र, सगळं यादीतल्या क्रमानं लावलेलं. इतकी नीट फाईल त्या दिवशी दुसऱ्या कोणाचीच नव्हती. तो टेबलापाशी येऊन बसला. फोटोशी चेहरा जुळेना तेव्हा पडताळणीच्या सरांनी विचारलं, उमेदवार कुठं आहे? सोमनाथ ठाण्याला कामावर जायचा, मोठ्या ऑफिसात हिंदी बोलायचं असं त्याला वाटतं. तो म्हणाला, "साब, भाई खेत पे है. आज बारी है ना. घर से मैं आया."

हॉल हसला. सोमनाथही हसला, त्याला वाटलं चांगलं काहीतरी बोललो. मग त्यानं मला दारात बघितलं आणि मोठ्यानं हाक मारली, "हरीदादा, सांग ना यांना, एकाच घरचे हाव आम्ही."

काय झालं ते मला तेव्हा सगळं कळलं, अगदी लख्ख कळलं, आणि त्यामुळंच मी जास्त भडकलो. त्या दिवशी जवळीबाईच्या शेताची पाळी होती. एकटी बाई, रोप वाफ्यात वाढून चाललेलं. वहिनी आदल्या दोन दिवसांपासून दुसरीकडं लावणीला. सोमनाथच्या पायांना चिखल्या झालेल्या, त्याला चिखलात पाय ठेवता येत नव्हता, पण एसटीत बसता येत होतं. म्हणजे घरापुढं कामं दोन आणि माणसं दोन. ज्याचे पाय धड तो शेतात, ज्याचे नाहीत तो नाशिकला. सावडीत माणूस कोण आला ते कोणी बघत नाही, घर आलं का ते बघतात. इतकी वर्षं ज्याचा विचार केलास तो नियम तू आमच्या पडताळणीला लावलास. जगात दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. इतका शहाणा माणूस, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये?

तर सांगायचं ते हे की मी संध्याकाळी पाचला तुझ्या नावापुढं गैरहजर लिहिलं. कारखान्यातले व्यवस्थापक सकाळपासून टाय लावून बसले होते, त्यांनी सही केली. त्यांचा विषय ग्राहकांच्या समाधानाचा आहे. चालू आहे अजून.

त्या रविवारी मी पोशेऱ्याला आलो तो तुला झापायलाच. तू बांधावर उभा होतास, गुडघ्यापर्यंत चिखल. मी लांबूनच सुरू केलं. जवळीबाईचं शेत एक दिवस थांबलं असतं तर आभाळ कोसळलं असतं का? तू म्हणालास, आभाळ नसतं कोसळलं, रोप म्हातारं झालं असतं. मी म्हणालो, अरे मग सोमनाथला कसंतरी शेतात उभं करायचं आणि तू यायचंस. तू माझ्याकडं असं बघितलंस की मीच जरा मूर्ख आहे. "त्याच्या पायाला चिखल्या हायेत हरी. सहीला पाय कशाला लागतात?"

मी हताश होऊन बांधावर बसलो. तू हात धुतलेस, शेजारी येऊन बसलास, आणि मग एकच प्रश्न विचारलास. आवाजात तक्रार नव्हती, नुसती चौकशी. "एक दिवस मागून बघितला व्हतास का?"

मी म्हणालो, मागितला. मॅडमकडं गेलो होतो. नियमात बसत नाही म्हणाल्या.

"मंग तू तरी काय करशील," तू म्हणालास, आणि घरी नेऊन मला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातलीस. त्या विषयावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. दुसऱ्या पानावरून भांडलो, सरांच्या निवृत्तीवरून भांडलो, शीर्षकावरून तर शेवटपर्यंत भांडलो, पण त्या एका दिवसाबद्दल तू पुन्हा विचारलं नाहीस. पुढच्या दोन आवण्यांना तू वह्या भरत राहिलास, नोंदणी नाही, मार्गदर्शक नाही. कुठल्या घरानं कधी कोणाला पाठवलं, कोण आजारी होतं, कोणाच्या रोपाला कोणी आधी हात लावला. मी म्हणायचो, कोण वाचणार आहे हे? तू म्हणायचास, आधी लिहू तर दे.

दहाव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर सोमनाथनं मला त्या वह्या दाखवल्या. पत्र्याच्या पेटीत नीट लावलेल्या होत्या. त्याला वाटत होतं मी त्या संस्थेत नेऊन कोणाला तरी देईन. मग तो म्हणाला, "दादा सगळ्यांना सांगायचा, हरीनं लय खटपट केली माझ्यापायी. मोठ्या बाईसंगं भांडला. नोकरीची पर्वा नाय केली." वहिनीनं आतून मान डोलावली. पाड्यावरच्या दोघातिघांनाही ते माहीत होतं. तू माझी एक गोष्टच करून ठेवली होतीस. 

देवराम, मी मॅडमकडं गेलोच नव्हतो.

सोमनाथनं हाक मारली तेव्हा समितीतले एक सर माझ्याकडं वळून हसत म्हणाले, "काय हो, तुमच्या गावचे का?" मी म्हणालो, "नाही, तालुका वेगळा आहे." हे खरंच आहे ना, साखरशेत जव्हार तालुक्यात, पोशेरा मोखाड्यात. बावीस वर्षं मी त्या ऑफिसात एकच गोष्ट जपली होती, की तिकडचा माणूस तिकडच्यांना आत घुसवतो असं कोणी म्हणू नये. त्यासाठी मी माझ्या चुलतभावाचा अर्ज स्वतःच्या हातानं परत पाठवला होता. आणि त्या दिवशी भर हॉलमध्ये फाटक्या चपला घातलेला एक माणूस मला दादा म्हणत होता आणि लोक हसत होते. दहापासून पाचपर्यंत माझ्याकडं सात तास होते. मॅडमची केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. मी उठलो नाही. तुझ्यावर चिडून बसलो. चिडलेलं असलं की बाकी काही करावं लागत नाही, हे मला तेव्हापासून कळलंय, आणि दोन वर्षं मी ते नेमानं केलं.

मनाची समजूत घालायला माझ्याकडं एक वाक्य होतं: विचारलं असतं तरी मॅडम नाहीच म्हणाल्या असत्या. त्या कडक आहेत, सगळे म्हणतात. या वाक्यावर मी बरे दिवस काढले. तुझ्यासमोर बसून जेवलोसुद्धा. पण सोमनाथचं ते बोलणं ऐकल्यावर ते वाक्य काही केल्या पुरेना.

म्हणून काल ऑफिसला गेल्यावर पहिल्यांदा ती वीस पावलं चाललो. मॅडम पदवीदानाच्या कागदांवर सह्या करत होत्या. मी सगळं सांगितलं, तुझं नाव, तो दिवस, सोमनाथ, चिखल्या. त्यांना अंधुक आठवलं. "ते शिरपामाळावर आले होते तेच ना? फॉर्म मागून नेला होता." मी हो म्हणालो. तू गेल्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, वाईट वाटलं त्यांना. मग मी विचारलं की त्या वेळी मी एक दिवसाची मुदत मागितली असती, तर तुम्ही दिली असती का?

"एक दिवस?" मॅडम म्हणाल्या. "दिली असती की. त्याच महिन्यात दोघांना दिली होती आपण. एकाच्या घरी साखरपुडा होता. पत्रं तुम्हीच तयार केली होती ना?"

मीच केली होती. माझ्याच कॉम्प्युटरवर आहेत ती, आज सकाळी काढून बघितली. खाली माझी आद्याक्षरं आहेत.

तू विचारलं होतंस ना बांधावर, एक दिवस मागून बघितला का म्हणून. नाही मागितला, देवराम. मागितला असता तर मिळाला असता.